निळ्या पाण्यानं धुतलेली गाडी

मखमलाबाद
९ ऑगस्ट १९८२

ताई,

आधी माफी मागते. शुद्धलेखन माझं पहिल्यापासून असंच हाय, आणि मशीनवर बोटं लय हळू चालतात. एवढ्या पत्राला क्लासचा अख्खा तास जाणार. वेलांटी कुठल्या बोटानं दाबायची तेच शोधत बसते. चुकलेलं खोडता येत नाय, वरनं फुल्या मारल्यात, त्या वाचू नको.

नानांनी मला रविवार कारंज्याजवळच्या टायपिंग क्लासला घातलं. मास्तर म्हणले, धड्यातलं तेच तेच बडवण्यापेक्षा घरी पत्र लिही, हात बसंल. मी घरीच असते, मग तुला लिहिते. इथं मला बरं वाटतं. शाळेत बाई उभं करून मोठ्यानं वाचायला लावायच्या आणि माझ्या तोंडून शब्द निघायचा नाय, म्हणून तर आठवीत सोडली. इथं दहा मशिनी एकदम वाजतात. कुणी काय विचारलंच तर ऐकू येत नाय.

लिहायचं कारण, परवा बहिरू ट्रकवाला लासलगावहून आला. तो नानांना म्हणला, "कोंडाजीभाऊ, जावयाच्या मोटरसायकलचा सायलेन्सर गंजला." नाना हसले. म्हणले, "लगीन होऊन तीन महिने नाय झाले. गंजायला ती काय विहिरीत पडलीय? चिखल लागला असंल." पण रात्री जेवले नाय.

खरं काय ते कळव. लग्नाआधी आठ दिवस गाडी आपल्या शेडमधी हार घालून उभी होती, तवा मी रोज सकाळी ती धुवून पुसून ठेवायची. तुला हळद लागलेली म्हणून बाहेर येऊ देत नव्हते, तू खिडकीतनं बघायची. निकेलमधी तोंड दिसायचं. ती गाडी कशी गंजंल?

आईचा आशीर्वाद. दाजींना नमस्कार.

तुझी
चांगुणा


लासलगाव
१४ ऑगस्ट १९८२

चि. चांगुणा,

तुझं पत्र मिळालं. छापलेलं बघून आधी भीती वाटली, कोर्टातून आलं की काय.

बहिरू खोटं बोलला नाही. वरून निकेल चांगलं आहे, पण सायलेन्सर खालच्या बाजूने गंजाने खाल्ला आहे. जिथे वाकतो तिथे बोट जाईल एवढी दोन भोकं पडली आहेत. हात लावला की लाल भुकटी पडते. आवाज फार येतो. हे मार्केटात अडत्याकडे जातात तेव्हा लिलाव थांबतो म्हणे. हमालसुद्धा म्हणतात, "मल्हारीशेठ, सासऱ्याने ट्रॅक्टर दिला का?" मग हे घरी येतात.

आत्याबाई म्हणतात, जुनी गाडी रंगवून दिली. सगळ्या गल्लीला सांगून झालं. मी सांगितलं, शोरूममधून आणताना मी स्वतः पाहिली. त्यावर म्हणाल्या, तू तर त्यांचीच, तुलाही रंगवूनच दिली असेल.

नानांना सांग, गाडीची सहा महिन्यांची ग्यारंटी आहे. सायलेन्सर बदलून मिळाला नाही तरी चालेल, पण गाडी नवी होती आणि दोष कंपनीचा आहे असा शोरूमचा शिक्क्याचा कागद आणा. तेवढा एक कागद आला की इथलं सगळं निवळेल. लवकर आणा.

मी बरी आहे. काल ह्यांनी सायलेन्सर तारेने बांधला, तेव्हा मला धरायला लावला. नुकतेच फिरून आले होते, गरम होता. हे त्यांच्या लक्षात राहिलं नाही. हाताला थोडं लागलं आहे. आईला सांगू नको.

सिंधू


मखमलाबाद
२५ ऑगस्ट १९८२

ताई,

हात बरा झाला का? बर्नॉल लाव. आईला सांगितलं नाय.

शुक्रवारी दाजी गाडी घेऊन शोरूमला आले होते. नाना मला बरोबर घेऊन गेले, अर्ज टाईप करायला लागला तर म्हणून. दाजी आमच्याशी बोलले नाय. स्टूलवर बसून चहा प्याले, नानांना विचारलं पण नाय.

तिथं निवृत्ती मिस्तरी म्हणून हायेत. वयस्कर, चष्म्याला दोरा बांधलेला. त्यांनी सायलेन्सर उतरवला, उलटा केला, पान्यानं ठोकला. खाली कागद धरला तर त्याच्यावर लाल पडलं. मग जोडाच्या खाचेत नख घालून बघत बसले. म्हणले, "पावसाचा गंज असा नसतो. पावसाचा सगळीकडं येतो. हा वघळ खाली जिथं साचला तिथंच खाल्लाय. आणि हे हिरवट काय? काका, गाडीला काय औषध-बिवषध लागलं होतं का?"

नाना एकदम तापले. "माझ्या दारात गाडी देवासारखी होती! पोरगी रोज धुवायची. गडावरच्या देवीआईची आण घेऊन सांगतो, औषधाचा थेंब लागला नाय."

काउंटरवरचे शेठ म्हणले, आणेवर ग्यारंटी चालत नाय, लेखी द्या. खत, औषध, मीठ असलं काय लागलं असंल तर कंपनी जबाबदार नाय, तसं ग्यारंटीच्या कागदावर मागं छापलंय. मग मीच क्लासमधी जाऊन अर्ज टाईप केला. नाना शेजारी उभं राहून सांगत होते. "सदर गाडीस माझ्याकडे असताना कोणतेही रसायन लागलेले नाही, हे मी शपथेवर लिहून देतो." ही ओळ तीनदा चुकली. मास्तर म्हणले, आज काय झालं तुला? मी नवा कागद घातला.

अर्ज दिलाय. शेठ म्हणले, पंधरा-वीस दिवसांत सांगू. नाना रोज पोस्टमनच्या वाटेला जाऊन उभे राहतात.

तुझ्याकडं सगळं ठीक हाय ना?

चांगुणा


लासलगाव
३ सप्टेंबर १९८२

चि. चांगुणा,

अक्षर वाकडं दिसेल. डाव्या हाताने लिहिते आहे, उजव्याला पट्टी आहे. दोन बोटं सरळ होत नाहीत, होतील.

तुझी पत्रं इथे सगळ्यांना फार आवडतात. आली की आधी हे उघडतात आणि आत्याबाई मोठ्याने वाचायला लावतात. टाईप केलेलं आहे म्हणून सरकारी कागदासारखं वाटतं, असं हे म्हणतात. आत्याबाईंनी दोन्ही पत्रं कुंडलीच्या डब्यात ठेवली आहेत. तेव्हा तू छान छानच लिहीत जा. छान असेल तेच लिही.

माझा मुक्काम हल्ली कांद्याच्या चाळीत आहे. कांदा निवडायला बरं पडतं. नासलेला वेगळा काढावा लागतो, नाहीतर सगळा जातो. रात्री वारा चांगला असतो.

शोरूमचा कागद आला का? दिवस जातील तसं अवघड होईल. नानांना एवढंच सांग.

सिंधू


मखमलाबाद
१९ सप्टेंबर १९८२

ताई,

माझी पत्रं तिकडं सगळे ऐकतात हे वाचून मला लय आनंद झाला. शाळेत माझं कुणी कधी ऐकलं नाय. म्हणूनच हे पाकीट नीट, कच्चं लिहून मग टाईप करतेय. हे सगळ्यांना मोठ्यानं वाचून दाखव.

परवा नानांनी बागेला मारायचं औषध कालवलं. एका पिंपात मोरचूद, एकात चुना, मग दोन्ही मिसळायचं. तुला तर माहीत हाय, मिसळल्यावर नाना त्याच्यात विळा बुडवून बघतात. विळ्याला तांबडं चढलं तर चुना कमी पडला, अजून घालायचा. मी पाणी आणून देत होते. नानांनी विळा वर काढला. पातं तांबूस, सोनेरी. नाना म्हणले, "चुना आण." मी जागची हाललेच नाय. ते सोनेरी मी आधी पाहिलेलं होतं.

गाडीवर पाहिलेलं होतं. सायलेन्सरच्या खाली.

लग्नाच्या आठवड्यात घरातल्या सगळ्या बादल्या पाहुण्यांच्या अंघोळीला लागल्या. शेडमधी मोरचूद भिजवायची प्लास्टिकची बादली तेवढी मोकळी होती. तळाला निळं राहिलेलं. मला वाटलं, आई नानांच्या धोतराला नीळ घालते, ते कसं पांढरंफेक होतं, तसं निकेल चमकंल. म्हणून मी ती बादली धुतली नाय, मुद्दाम तसंच पाणी भरलं. दुसऱ्या दिवशी खालून सोनेरी झळाळी दिसली तवा अजून एक खडा टाकला. आठ दिवस, रोज सकाळी. वरनं फडक्यानं पुसायची, खालचं राहायचं.

नाना लोखंडी बादलीत मोरचूद कालवू देत नाय, हे मला माहीत होतं. मला वाटायचं, लोखंडानं औषध नासतं. औषधानं लोखंड नासतं हे कुणी सांगितलं नाय आणि मी विचारलं नाय. मी कुणाला कधी काय विचारतच नाय.

दाजी, आत्याबाई, गाडी नवीच होती. नानांनी फसवलं नाय, ताईनं तर नायच नाय. चूक माझी एकटीची हाय. काय बोलायचं ते मला बोला. नानांना मी अजून सांगितलं नाय, त्यांनी गडावरच्या आईची आण घेतलीय.

टाईप केलंय आणि खाली सही पण केलीय, म्हणजे खरं मानाल.

चांगुणा कोंडाजी


(पोस्टकार्ड)

मखमलाबाद
२१ सप्टेंबर १९८२

ताई, हातानं लिहितेय, क्लासला जाण्याइतका दम नाय. आज निवृत्ती मिस्तरी सायकलवर घरी आले. शेठ कबूल झाले. मिस्तरींनीच लिहून दिलं की जोडात कंपनीचा दोष हाय. मला बघून म्हणले, "पोरी, मला दिसलं ते मी लिहिलं नाय, मलाबी दोन मुली हायेत." नवा सायलेन्सर मिळणार आणि गाडी नवी होती असा शिक्क्याचा कागद पण. दाजींनी सोमवारी गाडी घेऊन यावं. नाना रडले. माझं पाकीट आलं असंल तर कुणाला दावू नको, लगेच चुलीत टाक. चांगुणा


लासलगाव
२८ सप्टेंबर १९८२

रा. रा. कोंडाजी यांस,
मल्हारी याचा नमस्कार.

आपल्या धाकट्या मुलीचे टाईप केलेले, सहीचे पत्र आमच्याकडे आले. त्यामागून तिचे कार्डही आले, ते पोस्टमनने अंगणातच वाचून दाखवले. दोन्ही घेऊन मी सोमवारी शोरूमला गेलो. शेठजींनी वाचून तुमचा अर्ज रद्द केला. ज्या मिस्तरीने दोष कंपनीचा म्हणून लिहिले त्याला त्याच दिवशी घरी बसवले.

नवा सायलेन्सर मला नको होता. तारेने बांधलेल्या गाडीला नवा सायलेन्सर लावून मार्केटात माझी गेलेली अब्रू येणार नव्हती. गाडी तुमच्या दारात नासली हे आता तुमच्याच घरच्या सहीने सिद्ध झाले आहे. तेव्हा दुसरी गाडी तुम्ही द्यायची. चार माणसांपुढे पत्र ठेवले, चौघांचे मत तेच पडले.

सिंधूचा उजवा हात कामाचा राहिलेला नाही. चाळीत माणूस मिळत नाही. गाडी येईपर्यंत चांगुणास कामाला पाठवावे आणि सिंधूस उपचाराला घेऊन जावे. हे मान्य नसल्यास सिंधूचे सामान बांधून ठेवले आहे, मग ती कायमचीच न्यावी.

आपला
मल्हारी


मखमलाबाद
३ ऑक्टोबर १९८२

ताई,

हे तुला देतील का ते माहीत नाय. दिलं तर मोठ्यानं वाचतील, वाचू दे.

क्लास सोडला. मशीन समोर आलं की बोटं चालत नाय.

दाजींचं पत्र आलं तवा नानांना सगळं कळलं. मला मारलं नाय. मारलं असतं तर बरं झालं असतं. ते पायरीवर बसले आणि म्हणले, "मी देवीआईची खोटी आण घेतली." मी म्हणले, तुम्हाला माहीत नव्हतं. ते म्हणले, "तिला माहीत होतं ना." ह्या नवरात्राला गडावर जाणार नाय म्हणतात. कधी चुकवलं नव्हतं.

आणि ते निवृत्ती मिस्तरी. नाना त्यांच्या घरी माफी मागायला गेले, तर त्यांच्या बायकोनं दार उघडलं नाय.

नाना म्हणत होते, एकीचा हात घालवला, दुसरीला कशी पाठवू. आई म्हणत होती, सिंधीला आणा आणि कायमची ठेवा. काका म्हणले, लग्नाची परत आली तर हिला कोण करणार? सगळे माझ्यावरनं बोलत होते आणि मी चुलीजवळ बसलेली. मग मी बोलले. "मी जाते," म्हणले. इतकं मोठ्यानं की बाहेरची म्हस उठून उभी राहिली.

तुझा हात डॉक्टरला दाखवायचा हाय, तेवढंच मला कळतंय. शनिवारी सकाळच्या एसटीनं येतो. मी उतरंन, तू चढ.

चांगुणा


(वहीचा कागद, चार घड्या घातलेला)

लासलगाव, शुक्रवार

चांगू,

हे पोस्टात टाकणार नाही. उद्या स्टँडवर हे उभे असणार, आपल्याला बोलता येणार नाही. गळ्यात पडेन तेव्हा हे तुझ्या पिशवीत टाकीन. एकटी असशील तेव्हा वाच आणि लगेच जाळ. ह्या वेळी खरंच जाळ.

मला ते पाण्याचं माहीत होतं.

हळदीच्या अंगाने खिडकीत बसून मी बघत होते. तू निळी बादली घेऊन यायचीस, खाली वाकून वाकून ओतायचीस, मग मागे सरून बघायचीस, हसायचीस. मोरचूद लोखंड खातं हे मला ठाऊक होतं. हाक मारणार होते. पण तू इतकी खूश मी कधी पाहिली नव्हती. म्हटलं, थोडंसं पाणी, काय होणार आहे. माझी चूक तुझ्याआधीची आहे.

इथे भोक पडलं त्या दिवशीच मला कळलं. सांगितलं असतं तर मार थांबला असता, पण मग तुझं नाव आलं असतं. हे तेव्हाच म्हणाले असते, तिला पाठवा भरपाईला. ह्या घराची रीत मला दुसऱ्या महिन्यातच कळली होती. म्हणून "कंपनीचा दोष" धरून बसले. हात गरम सायलेन्सरवर धरला तो विसरून नव्हे, चांगू. धरून ठेवला होता. मनगट ह्यांच्या हातात होतं.

"छान छान लिही" मी म्हणाले ते आवडीने नाही. तुला काही सांगावं तर सगळं त्यांच्यापुढे होत होतं. तुला कळेल वाटलं. तुला कळलं नाही, त्यात तुझा दोष नाही, मी तरी कुठे सरळ लिहिलं?

आता ऐक. आत्याबाई बोलतील ते ऐकून घे. चाळीत आतून कडी नाही, दाराला कांद्याची पोती लावून झोप. पत्र लिहिशील ते हे लोक वाचूनच पाठवतील, म्हणून सगळं चांगलंच लिही. पण तुझ्यावर हात उचलला, किंवा नुसतं भ्यायलीस तरी, पत्राच्या शेवटी एकदम कुठलीतरी बातमी घाल, की अमक्या ठिकाणी एका बाईला जुळं झालं. पत्राशी संबंध नसलेली. त्यांना काही वाटणार नाही. मला कळेल. पत्र हातात पडलं की त्याच एसटीने मी येते, नाना आले तर नानांना घेऊन, नाही तर एकटी. मग लग्न राहो की न राहो, काका काही म्हणोत.

एक हात आहे अजून माझा.

ताई


लासलगाव
३० ऑक्टोबर १९८२

ताईस नमस्कार,

अक्षराची माफी कर. इथं मशीन नाय, आणि दिव्याखाली पोत्यावर कागद ठेवून लिहितेय.

मी बरी हाय. तुझ्या हाताला डॉक्टर काय म्हणले ते कळव. बोटं सरळ झाली का?

इथं सगळे चांगले हायेत. कांदा निवडायला मी शिकले. नासलेला हातात घेतला की कळतो, बघावं पण लागत नाय. आत्याबाई म्हणतात, ही सिंधूपेक्षा बरी, उलटून बोलत नाय. मी आता रोज मोठ्यानं वाचते. दुपारी त्या खाटेवर पडतात आणि मला माझीच जुनी पत्रं डब्यातनं काढून वाचायला लावतात. ते पाकिटातलं सगळ्यात जास्त वेळा. शेजारच्या बाया पण येतात ऐकायला. शाळेत जमलं नाय ते इथं जमलं.

दाजींची गाडी चालू हाय. सायलेन्सर तसाच, तारेनं बांधलेला. तार दर दोन-तीन दिवसांनी सुटते. काल पुन्हा बांधली, मी धरला होता.

नानांना सांग, गडावर जा. माझ्यासाठी जा. आईला सांग, गोधडी पुरते. दिवाळीला मला यायला मिळणार नाय, गाडीचं ठरेपर्यंत नको म्हणतात, तर वाट बघू नका.

हे पत्र दाजींनी वाचलंय. चांगलं लिहिलंस म्हणले.

आणि एक सांगायचं राहिलं. परवा इथं स्टेशनावर भुसावळच्या गाडीतनं उतरलेल्या एका बाईला जुळं झालं.

चांगुणा